शैलावहिनींच्या वायरीत फॉल्ट नाय

पोलादपूरच्या बाजारात माझं औषधांचं दुकान होतं. दुकानाच्या माळ्यावर एक लोखंडी पेटी होती आणि त्या पेटीपायी शैलावहिनी उतेकर माझ्या सकाळीत शिरल्या. मी शटरला हात घालायच्या आत त्यांचा आवाज कोपऱ्यावरून यायचा, "शेठ, उघडा लवकर, खालच्या आळीतली माणसं माझ्या नावानं बोंबलतायत." माणसं बोंबलत असतीलही, पण मला ऐकू यायच्या त्या वहिनीच.

त्या पेटीत वहिनींच्या सगळ्या इंटरनेट कनेक्शनांचं मूळ होतं. तिथून निघालेली वायर खांबाखांबावरून बाजारात, आळ्यांत आणि थेट डोंगरातल्या वाड्यांपर्यंत जायची. पेटी माझ्याच माळ्यावर का, तर इन्सुलिनच्या फ्रिजसाठी मी दणकट इन्व्हर्टर बसवला होता आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज पाहुण्यासारखी येते. एके दिवशी वहिनी शिडी घेऊनच दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या इंजेक्शनांना गारवा लागतो, माझ्या पेटीला करंट लागतो. दोघांचं एकत्र भागंल." हे त्यांनी विचारलं नव्हतं, कळवलं होतं. मी हो म्हणेपर्यंत पेटी वर गेलेली होती.

अंगानं ठेंगण्या, पदर कमरेला खोचलेला, साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट आणि पावसाळ्यात त्याच्यावर नवऱ्याचाच रेनकोट. खांद्याला मुंबईच्या कुठल्याशा मिठाईवाल्याची कापडी पिशवी. तिच्यात पक्कड, वायरीच्या टोकाला लावायच्या प्लॅस्टिकच्या पिना, चिकटपट्टी आणि एक टेस्टर. खुर्ची दिली तर बसायच्या नाहीत, दुकानाच्या उंबऱ्यावर बसायच्या. उंबऱ्यावर बसू नये असं माझी बायको त्यांना दर वेळी सांगायची. त्या म्हणायच्या, "इथनं दोन्हीकडचं दिसतं."

धंदा मुळात प्रकाश उतेकरांचा. त्यांनी केबल टीव्ही सुरू केला तेव्हा गावात त्यांचा मोठा रुबाब होता. मग घराघराच्या कौलांवर डिशच्या छत्र्या बसल्या, केबलचं कुणी नाव काढेना, आणि उतेकर हात वर करून मुंबईला भावाच्या टेम्पोवर गेले. आमच्या पोलादपूर-महाडकडे हे काही नवल नाही, प्रत्येक घराचा एक पाय मुंबईत असतोच. मागे वहिनींकडे राहिली एक शिडी, वायरींची भेंडोळी आणि गावभर उभे असलेले खांब. दुसऱ्या कुणी ते भंगारात घातलं असतं. वहिनी महाडला जाऊन कुणाकुणाला भेटून आल्या आणि वर्षाच्या आत त्याच खांबांवरून इंटरनेट ओढायला लागल्या. बाईमाणूस खांबावर चढतं म्हणून सुरुवातीला लोक बघत उभे राहायचे. वहिनी वरून त्यांनाच शिडी धरायला लावायच्या, त्यामुळे बघणारे हळूहळू कमी झाले.

आता त्यांच्या स्वभावातली मुख्य गोष्ट सांगतो. कुठूनही तक्रार आली की वहिनींचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "माझ्या वायरीत फॉल्ट नाय." तक्रार करणाऱ्याचं नाव कळायच्या आधी हे वाक्य यायचं. फॉल्ट असायचा तो गिऱ्हाइकाच्या राऊटरमध्ये, त्याच्या भिंतीत, त्याच्या मांजरात, मुंबईहून आलेल्या त्याच्या भावाच्या लॅपटॉपमध्ये. एकदा माझ्याच दुकानातला कॉम्प्युटर इंटरनेट धरेना. वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं आणि निकाल दिला की फ्रिज वायरीला त्रास देतोय, फ्रिज हलवा. मी आणि शेजारच्या भांडीवाल्यानं घामाघूम होत फ्रिज हातभर सरकवला. इंटरनेट सुरू झालं. फ्रिज सरकवताना भांडीवाल्याचा गुडघा राऊटरला लागला होता आणि वहिनींनी नीट न बसवलेली पिन खटकन आत गेली होती, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. तसं म्हणालो, तर वहिनी म्हणाल्या, "बघा, फ्रिज हलवला म्हणूनच झालं ना?" फ्रिज अजून तिथेच आहे आणि दुकानाच्या नवीन मालकाला त्याचं दार पुरतं उघडता येत नाही.

पण बाईला काम येत होतं, हेही खरं. निम्म्या तक्रारी त्या उंबऱ्यावर बसून फोनवरच मिटवायच्या. गिऱ्हाइकं सगळी म्हातारी. मुलं मुंबईला, पुण्याला, आणि घरातला तो लुकलुकणारा डबा आईबापांच्या गळ्यात. राऊटरवर कुठल्या दिव्याला काय म्हणतात हे इंग्रजीत लिहिलेलं असतं, ते वाचणार कोण? म्हणून वहिनींनी दिव्यांना नावं देऊन ठेवली होती. पहिला दिवा देवघरातला, तो लागला म्हणजे घरात वीज आहे. शेवटचा वेशीवरचा, तो लागला म्हणजे बाहेरून वायर घरात पोचली आहे. मधले सगळे घरातले, ते कधी लागतात, कधी विझतात, त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नाही.

"वेशीवरचा लागलाय काय, अण्णा?" वहिनी फोनवर विचारायच्या.

"नाय लागलेला," पलीकडून अण्णा.

"मग वायर काढून परत घाला. खटकन आवाज आला पायजे."

"आला आवाज."

"आता?"

"आता पण नाय."

"अण्णा, कुठल्या भोकात घातलीत? निळ्या भोकात घातलीत, का पिवळ्या?"

मग पलीकडे खुडबुड, आणि हळूच, "लागला गो." पिवळी भोकं घरातल्या यंत्रांची, निळं तेवढं बाहेरच्या वायरीचं, आणि अण्णांनी झाडताना वायर पिवळ्यात घातलेली असायची. दर महिन्याला असायची. वहिनी रागवायच्या नाहीत. मला म्हणायच्या, "अण्णांचा पोरगा फोन करत नाय, म्हणून अण्णा मला करतात. वायर काढून ठेवतात मुद्दाम." खरं-खोटं अण्णांना माहीत.

सकपाळ आजींच्या राऊटरची गोष्ट तर वहिनी दुकानात दोन्ही आवाज काढून सांगायच्या. आमच्याकडचा पाऊस म्हणजे घरात भिंतींना बुरशी, कपाटातल्या कपड्यांना बुरशी, चपलांना बुरशी. म्हणून चुलीवर एक फळी टांगलेली असते आणि ओल लागू नये अशी प्रत्येक वस्तू पावसाळ्यात त्या फळीवर जाते. मीठ, काड्यापेट्या, बियाणं, सुके बोंबील. आजींच्या मुलानं मुंबईहून बजावलं होतं की आई, ह्या डब्याला ओल लागता कामा नये, फार महागाचा आहे. आजींनी मुलाचा शब्द तंतोतंत पाळला. श्रावण निम्मा सरला आणि वेशीवरचा दिवा लागेना. वहिनी गेल्या, तर राऊटर कुठे दिसेना. वायरीचा माग काढत काढत चुलीपाशी पोचल्या आणि वर बघतात तर बोंबलांच्या मधोमध राऊटर, काजळी धरून काळाकुळकुळीत झालेला, वायरीचं भोक आतून लिंपल्यासारखं.

"आजी, ह्याला बोंबलासंगं सुकवायचा नसतो."

"मग काय भिजवायचा असतो? अगो, सगळी चीजवस्त वरच राहते आमची. हा काय निराळा हाय?"

वहिनी तिथून तडक माझ्या दुकानात आल्या, न विचारता स्पिरिटची बाटली, कापूस आणि एक कोरा टूथब्रश उचलला आणि गेल्या. भोक घासून घासून साफ केलं, दिवा लागला. आता डबा ठेवायचा कुठे? आजी खाली ठेवू देईनात, वहिनी वर ठेवू देईनात. शेवटी तो भाताच्या कणगीवर बसला. तिथे धूर नाही, ओल नाही आणि नातवाशी बोलताना आजींना ओट्यावर बसता येतं. त्यानंतर वहिनी प्रत्येक वाडीत पावसाळ्याच्या तोंडाला सांगत फिरल्या की राऊटर कणगीवर. कंपनीनं ही सूचना अजून छापलेली नाही.

शिमग्यात तर त्यांचा थाट बघावा. ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, नाचते, वर उचलली जाते, आणि वायरी सगळ्या आळीतून आडव्या. पहिल्या वर्षी पालखीच्या कळसात वायर अडकली आणि मोठा गोंधळ झाला. पुजारी म्हणाले वायरी काढा. वहिनी म्हणाल्या, शिमग्याला मुंबईची सगळी माणसं गावात, त्यांना नेट नको काय? अखेर दुसऱ्या वर्षापासून वहिनी अनवाणी पालखीच्या पुढे चालायला लागल्या, हातात टोकाला दुफाटा असलेली लांब बेळक्याची काठी. वायर आली की बेळक्यानं उचलून धरायच्या, पालखी खालून जाऊ द्यायच्या. दोन-तीन वर्षांत तो त्यांचा मान झाला. मानाचा नारळ वाटताना त्यांचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा त्या इतक्या लाजल्या की मला वाटलं दुसरीच कुणी बाई आहे.

आता पिंपळवाडीचं सांगायला हवं, कारण वहिनी मला सगळ्यात जास्त आठवतात त्या तिथल्या.

पिंपळवाडी म्हणजे बाजारापासून चढणीवरची वाडी. तिथले गणपत मोरे माझे जुने गिऱ्हाईक, महिन्याला ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायचे. त्यांची सून मनीषा मुंबईत वाढलेली, मुंबईतच एका विम्याच्या कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी घ्यायची. लग्नानंतर काही वर्षं तिथेच काढली. मग नवऱ्याला महाडच्या एमआयडीसीत काम मिळालं, मुलगी शाळेत जायच्या वयाची झाली आणि तिघं गावी आली. कंपनीनं तिला घरून काम करायला परवानगी दिली, पण अट घातली. कनेक्शन वायरीचं हवं, वायफाय चालणार नाही, आणि सोमवारी सकाळी ते मुंबईहून स्वतः तपासणार. तपासणीत उतरलं नाही तर त्याच आठवड्यात ठाण्याच्या ऑफिसात हजर. म्हणजे मुलगी सासूकडे, नवरा महाडला, ही भावाच्या घरी ठाण्याला आणि महिन्यातून एकदा वीर स्टेशनला उतरून रिक्षानं घरी. मोऱ्यांच्या घराला त्या नोकरीची गरज होती, सोडून चालणार नव्हतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी, रविवारी, मोऱ्यांनी सत्यनारायण घातला होता. मलाही बोलावणं होतं. मी पोचलो तर पूजा एका खोलीत आणि शैलावहिनी दुसऱ्या खोलीत. मोऱ्यांचं घर वाडीत सगळ्यात शेवटचं, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे. खांबावर वहिनींनी बसवलेल्या जोडणीच्या डब्यापासून घरापर्यंत वायरीचं अख्खं भेंडोळं लागलं होतं, एवढी लांब वायर वहिनींनी आधी कुठल्याच घराला टाकली नव्हती. वायर राऊटरमध्ये घातलेली, देवघरातला दिवा ठणठणीत, वेशीवरचा काळा.

"माझ्या वायरीत फॉल्ट नाय," वहिनी म्हणाल्या आणि टेस्टर लावून दाखवला. वायरीच्या आत आठ तारा असतात. टेस्टरवरचे आठही दिवे ओळीनं लागले. "बघा. आठच्या आठ पोचतायत."

मग राऊटर बदलला. वीज देणारा अडॅप्टर बदलला. भोक घासलं. पूजेच्या लाऊडस्पीकरवर संशय आला, तर वहिनींनी तो बंद करायला लावला आणि भटजींना साधुवाण्याची नौका बुडत असताना मध्येच थांबावं लागलं. दिवा लागला नाही. भटजींनी नौका पुढे नेली. मग वहिनी राऊटर काखेत मारून पऱ्या ओलांडून खांबापाशी गेल्या, डब्यातली वीज घेऊन तिथेच आखूड वायरीनं जोडला. दिवा लागला. घरी आणून लांब वायरीला जोडला. लागला नाही.

"खांबावरचा डबा चांगला, राऊटर चांगला, वायर चांगली," वहिनी स्वतःशीच म्हणाल्या, "तरी जुळत नाय."

मनीषा दारात उभी होती. "काकी, उद्या सकाळी चेक आहे हो," ती म्हणाली. "नाही झालं तर मला सांगा, मी आजच बॅग भरते. शेवटच्या क्षणी पळापळ नको." आवाज अगदी साधा होता. तिची सासू प्रसादाचे द्रोण भरत होती. तिचा हात थांबला, मग परत भरायला लागली. मुलगी आईच्या ओढणीशी खेळत होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. मला त्या घरात उभं राहणं अवघड झालं.

पंगती बसल्या. वहिनी जेवल्या नाहीत. त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, समोर राऊटरचं रिकामं खोकं. नव्या राऊटरबरोबर कंपनीची एक हातभर तयार वायर येते. वहिनी ती कधी वापरायच्या नाहीत, एवढ्याशा वायरीचं काय करायचं म्हणून वेली बांधायला द्यायच्या. त्या दिवशी त्यांनी ती खोक्यातून काढली, तिची पिन उजेडात धरली, दुसऱ्या हातात आपण लावलेली पिन धरली आणि बघत राहिल्या. पिना पारदर्शक असतात, आतल्या तारांचे रंग दिसतात. मी पान हातात घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"शेठ, हे बघा," त्या हळू म्हणाल्या. "आतल्या तारा जोडीजोडीनं पिळलेल्या असतात. नारिंगी आणि तिची पांढरी-नारिंगी. निळी आणि तिची पांढरी-निळी. चार जोड्या. मी पिनेत बसवताना काय करते? चारी पांढऱ्या एका बाजूला, चारी रंगीत एका बाजूला."

"पंगतीसारखं," मी म्हणालो. आमच्या वाड्यांमधून पुरुषांची पंगत वेगळी, बायकांची वेगळी.

"पंगतीसारखंच. ध्यानात ठेवायला सोपं. आणि ह्या कंपनीच्या पिनेत बघा, नवराबायको शेजारी बसवलेत. एकच जोडपं लांब बसवलंय, त्यांच्या मधे दुसरं जोडपं घातलंय. ते कशापायी ते कंपनीला ठाऊक. पण बाकीच्यांची फारकत केलेली नाय."

"पण टेस्टर तर सगळं बरोबर दाखवत होता."

"टेस्टर एकेकाला विचारतो, पोचलास काय? तो म्हणतो, पोचलो. जोडीदार संगं होता काय, हे तो विचारतच नाय. जवळच्या घरांना तसंही निभावतं. एवढ्या लांब नाय निभावत."

त्यांनी पक्कड काढली. घरातल्या टोकाची पिन कापली, तारा सोडवल्या, कंपनीची वायर मांडीवर ठेवून एकेक रंग बघत नव्यानं बसवल्या. मग पऱ्या ओलांडून दुसरं टोक तसंच केलं. परत आल्या तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. वायर राऊटरमध्ये घातली, खटकन आवाज झाला आणि शेवटचा दिवा लागला. लागला तो लागलाच, विझला नाही. मनीषानं लॅपटॉप जोडून पाहिला, दोनदा पाहिला, आणि सासूकडे बघून नुसती मान हलवली. सासूनं तिथल्या तिथे द्रोण खाली ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला.

आता वहिनी गप्प बसल्या असत्या तरी कुणाला काही कळलं नसतं. वेशीवरचा दिवा लागला, काम झालं, आधी का लागत नव्हता हे विचारायला माणसं मोकळी नव्हती, दुसरी पंगत बसत होती. पण वहिनी ओटीवर आल्या आणि वाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "फॉल्ट माझ्या वायरीत होता. इथंच नाय, सगळीकडं हाय. मी सगळ्या घरांना अशाच चुकीच्या पिना मारल्यात. आता सगळ्यांच्या बदलणार."

"अगो, आमचं तर चाललंय," पंगतीतला एकजण म्हणाला.

"चाललंय, पण रडत चाललंय. फोन मधीच तुटतो, माणूस मधीच थांबतं, मग तुम्ही पोराला म्हणता तुमच्या मुंबईचं नेट खराब हाय. खराब माझी पिन हाय."

"मग आजपर्यंत फॉल्ट नाय, फॉल्ट नाय कशाला सांगत होतीस?"

"मला काय ठाऊक? चुकले मी."

मला मात्र ठाऊक होतं की तारांची ही पंगत वहिनींच्या डोक्यातून निघालेली नव्हती. मुंबईला जायच्या आधी प्रकाश उतेकरांनी माझ्याच दुकानाच्या पायरीवर बसून बायकोला पिन मारायला शिकवलं होतं. चारी पांढऱ्या इकडे, चारी रंगीत तिकडे, असं बसव, विसरणार नाहीस, हे त्यांचे शब्द मी काउंटरमागून ऐकले होते. मी तोंड उघडलं. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं शिऱ्याचा घास घेतला.

सोमवारी सकाळी वहिनी दुकानात आल्या आणि काही काम नसताना माळ्यावर चढून पेटी पुसत बसल्या. फोन वाजला तेव्हा शिडीवरून अर्ध्याच उतरल्या होत्या. मनीषाचा होता. तपासणीत पास झाली होती. वहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या, "बरं झालं गो," आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शेठ, डोकं दुखायची गोळी द्या एक. काल जेवले नाय त्याचं दुखतंय." मी गोळी दिली आणि समोरून वडापावही मागवला. आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसल्या. माझ्या बायकोला मी हे सांगितलं तर तिचा विश्वास बसला नाही.

त्यानंतर वहिनी घरोघर फिरल्या. पावसाळा जवळ येत होता, तरी एक आळी संपली की दुसरी. प्रत्येक घरात शिरताना आधी चूक सांगायच्या, मग पिन कापायच्या. काही लोकांनी खूप थट्टा केली, काहींनी चहा पाजला, बहुतेकांनी दोन्ही केलं. सकपाळ आजींनी विचारलं, चूक तुझी आणि कणगीवरून डबा आम्ही उतरवायचा काय? वहिनींनी स्वतः उतरवला आणि परत चढवला. एक गोष्ट मात्र मी नीट लक्ष देऊन ऐकत होतो. इतक्या घरांत त्यांनी ती चूक सांगितली, पण कुणी शिकवलं होतं हे एकाही ठिकाणी सांगितलं नाही.

त्याच वर्षी मी दुकान विकलं. गुडघे गेले होते, मुलगी पुण्याला बोलावत होती. गणपतीत निरोप घेत फिरलो, तसा उतेकरांकडेही गेलो. मुंबईची भावकी सगळी आलेली, ओटीवर माणसं बसलेली, वहिनी मोदक वाढत होत्या. उतेकर कोपऱ्यात बसले होते. टेम्पोच्या धंद्यात माणूस जरा थकल्यासारखं दिसतं, तसे दिसत होते.

भावकीतला एक चुलतदीर म्हणाला, "काय वहिनी, अख्ख्या तालुक्यात उलट्या पिना मारल्यात म्हणे?"

"मारल्या," वहिनी म्हणाल्या. "अजून बदलतेय. मोदक घ्या."

"एवढी वर्षं कुणाच्या लक्षात नाय आलं?"

"नाय आलं. माझं डोकं तेवढंच. घ्या हो मोदक."

उतेकरांनी पानातून मान वर केली. "तिचं डोकं कशाला काढतोस?" ते म्हणाले. "तिला मी शिकवलं होतं तसं."

वहिनींनी चुलतदिराच्या पानात मोदक टाकला, नवऱ्याच्या पानात दोन टाकले आणि म्हणाल्या, "तुम्ही जेवा. गार होतंय." उतेकर जेवले. हात धुऊन आले आणि बायकोला विचारलं, "किती घरं राहिलीत?"

"खालची आळी राहिलीय. गणपती होऊन जाऊ दे."

"मग इथं बसून काय करू? चल."

मी सगळ्यांचा निरोप घेऊन, चहा घेऊन, माणसामाणसाशी बोलून बाहेर पडेपर्यंत बराच वेळ गेला असेल. खालच्या आळीतून स्टँडकडे वळताना ती दोघं दिसली. शिडी खांबाला लावलेली होती. उतेकर एका घराच्या पायरीवर बसले होते, चष्मा कपाळावर चढवलेला, हातात वायरीचं टोक आणि एकेक तार ते दोन बोटांनी सरळ करत होते. वहिनी समोर उभ्या राहून रंग सांगत होत्या. पांढरी-नारिंगी. तिच्या शेजारी तिची नारिंगी. नाय हो, ती नाय, ती हिरवी, ती पुढं.

उतेकरांनी तारा पिनेत सारल्या, पक्कड दाबली आणि पिन बायकोकडे दिली. वहिनींनी ती उन्हात धरली, डोळा बारीक करून पाहिली आणि कटकन कापून टाकली.

"परत मारा," त्या म्हणाल्या.

उतेकरांनी पिशवीतून दुसरी पिन घेतली.